मी शंभरावी तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. छोट्या बशीएवढी, वरून केशरी, खालून काळी आणि कडेजवळ एक भोक असलेली. मला मातीचं कबूतर असंही म्हणतात. त्यातली माती खोटी आणि कबूतरही खोटं. मी डांबर आणि चुनखडीच्या पिठाची आहे आणि आजवर एकही अंडं घातलेलं नाही. फार पूर्वी नेमबाज खरीखुरी कबुतरं उडवून त्यांच्यावर बंदुका चालवत. पुढे कुणाला तरी कबुतरांची दया आली आणि आमची पाळी आली. आमची दया अजून कुणाला आलेली नाही.

आमच्या घराण्यात फुटणं हाच मोठेपणा. कारखान्यात आम्हाला साच्यातून काढून पेटीत एकावर एक रचलं, तेव्हापासून गप्पांना दुसरा विषयच नव्हता. एक म्हणायची, माझा नुसता धुरळा झाला पाहिजे. दुसरी म्हणायची, मला दोनच तुकडे पुरेत, पण नीटनेटके हवेत. मी अगदी तळाशी होते. तळाच्या तबकडीला सगळ्यांचं ऐकून घ्यावं लागतं आणि तिचं कुणी ऐकत नाही. ही गोष्ट पुढे जन्मभर माझ्या वाट्याला आली.

त्या काळी आमच्या खेळाचे मोठे दिवस होते. सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या माळावर माणसं डबे घेऊन यायची आणि सतरंज्या टाकून बसायची. समोर जमिनीत एक खड्डा, खड्ड्यात स्प्रिंगचं यंत्र आणि यंत्रापाशी खड्डेवाला. नेमबाज "सोड!" असं ओरडला की खड्डेवाला दांडा ओढायचा आणि आमच्यातली एक भिरभिरत आभाळात जायची. मग बंदुकीचा आवाज. मग पंच ओरडायचा, "फुटली!" नाहीतर "गेली!" नियम असा होता की तबकडीचा एक तरी तुकडा हवेत उडालेला पंचाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. तो नखाएवढा असला तरी चालेल. पण नंतर गवतातून उचलून आणलेली तबकडी पुरावा म्हणून चालत नाही. मित्रांनो, हा नियम लक्षात ठेवा. याने एका घराचं एकतीस वर्षं डोकं खाल्लं.

माळावरचे सगळ्यात नामांकित नेमबाज म्हणजे आमचे चष्मेवाले. शहरात त्यांचं चष्म्यांचं दुकान. आठवडाभर ते लोकांचे डोळे तपासायचे आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचे वापरायचे. तीन वर्षं चषक त्यांच्याच घरी गेला होता. पण शंभरपैकी शंभर तबकड्या आजवर कुणीच फोडल्या नव्हत्या आणि त्यांच्या मनात तेवढं एकच होतं. पंच होता त्यांचा मेव्हणा, म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. चष्मेवाल्यांना मी अहोजाहो करते आणि मेव्हण्याला अरेतुरे करते. कारण मेव्हण्याने मला चारचौघांत "गेली" म्हटलं.

त्याचं असं झालं. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चष्मेवाल्यांनी मेव्हण्याला नवा चष्मा करून दिला आणि वर बजावलं, "उद्या डोळ्यात तेल घालून बघ रे!" दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेक करत नव्याण्णव तबकड्या फोडल्या. सतरंज्यांवरची माणसं उठून उभी राहिली. पेटीत मी एकटीच उरले होते. खड्डेवाल्याने मला सदऱ्याला पुसून यंत्रावर ठेवलं.

"सोड!"

मी उडाले. बार झाला. एक छर्रा माझ्या आरपार गेला आणि माझ्या कडेचा नखाएवढा टवका हवेत उडाला. मी शपथेवर सांगते, हवेत उडाला. मला तो लागला, तुम्हाला चिमटा लागतो तसा. पण बाकीची मी तशीच तरंगत जाऊन मऊ गवतात बसले.

"गेली!" मेव्हणा ओरडला.

चष्मेवाल्यांनी बंदूक खाली ठेवली, कुंपणावरून उडी मारली आणि गवतातून मला हुडकून आणलं.

"हे बघ! भोक! आणि कडेचा टवका उडालाय!"

"भावोजी, टवका खाली आपटल्यावर उडाला असेल. हवेत मला काही दिसलं नाही."

"तुला दिसत नाही त्याला मी काय करू?"

"चष्मा तुम्हीच केलाय ना? कालच!"

हे सगळ्या माळाने ऐकलं. त्यातले निम्मे लोक चष्मेवाल्यांच्याच दुकानातले चष्मे लावून बसले होते. पंचाला दिसत नाही म्हणावं तर आपलाच चष्मा वाईट ठरतो, आणि चष्मा चांगला म्हणावं तर तबकडी गेली. फळ्यावर नव्याण्णव लिहिलं गेलं. दुसऱ्या क्रमांकाला एक्क्याण्णव होते, म्हणजे चषक पुन्हा यांचाच. पण कुणीतरी आपलं सामान सांभाळायला द्यावं तसा त्यांनी तो हातात घेतला आणि घरी नेऊन माळ्यावर टाकला.

मला मात्र दुकानाच्या काचेच्या कपाटात जागा मिळाली. माझ्यापुढे चिठ्ठी होती, "हिला भोक आहे. बघा." गिऱ्हाईक आलं की चष्मेवाले आधी माझ्याकडे बोट दाखवायचे आणि विचारायचे, "ते भोक दिसतंय का?" दिसतंय म्हटलं की चहा मागवायचे. नाही म्हटलं की त्याला जाड काचा लिहून द्यायचे. गल्लीत त्यांचं नाव पडलं नव्याण्णवकाका. समोर कुणी म्हणत नसे, पण पत्रं त्याच नावाने येत आणि पोस्टमन बिनचूक आणून देई.

मेव्हण्याने बोलणं टाकलं, पंचाचं काम सोडलं, पण तो चष्मा काही सोडला नाही. या दुकानाची पायरी चढायची नाही असं त्याने ठरवलं होतं. आणि दुसऱ्याच्या दुकानात जावं तर ताईला काय वाटेल? ताई म्हणजे त्याची बहीण, चष्मेवाल्यांची बायको. मीही त्यांना ताईच म्हणते. त्या बिचाऱ्या दोघांच्या मध्ये अडकल्या. "त्याला सांग, नियम मलाही कळतो." "भावोजींना सांग, मलाही भोक कळतं." असे निरोप त्यांनी किती वर्षं पोचवले असतील! पुढे पुढे त्या ते मध्येच गिळून टाकायला लागल्या.

हळूहळू आमच्या खेळाचेही दिवस फिरले. माळावर गोदामं उभी राहिली. खड्डेवाला एका मोठ्या इमारतीत लिफ्टवर लागला, आणि म्हणे तिथेही कुणी "सोड" म्हटल्याशिवाय तो बटण दाबत नसे. नवी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून विचारायची, "हे काय, बशी का?" एक दिवस कपाटात नव्या फ्रेमा आल्या आणि माझी बदली घरी झाली. ताईंनी मला साबणाखाली ठेवलं, तर साबणाला डांबराचा वास लागला. कुंडीखाली ठेवलं, तर भोकातून पाणी जमिनीवर. शेवटी दुधावर झाकण म्हणून ठेवलं. डांबर तापल्यावर काय करतं हे मी सांगत नाही, पण ते दूध मांजरानेही घेतलं नाही. ताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "या भोकाने माझं माहेर घालवलं, आता दूधही घालवलं!" मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. मी पुन्हा दुकानात आले, ती टेबलावरच्या कागदांवर वजन म्हणून.

तिकडे मेव्हण्याचं दिसणं वर्षागणिक उतरत होतं. तो विजेच्या खांबाला वाट मागायचा. एकदा शेजाऱ्यांच्या घरात शिरून अर्धा तास वर्तमानपत्र वाचत बसला, तेही उलटं. लोक हसायचे, ताईही हसायच्या. पण एका सकाळी दुकानासमोरच तो रस्ता ओलांडायला निघाला आणि धावत्या बसपुढे आला. बस वीतभर अंतरावर करकचून थांबली. त्याने बसला हात जोडले आणि पुढे गेला. हे सगळं ताईंनी दुकानाच्या दारातून पाहिलं. त्या आत येऊन खुर्चीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. चष्मेवाले नुसते फ्रेमा पुसत राहिले, एकच फ्रेम, चार वेळा.

त्या दिवशी ताईंनी आयुष्यातल्या दोन मोठ्या थापा मारल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तो उद्या येतोय. तबकडी फुटली होती, हे कबूल करायला." आणि भावाला जाऊन म्हणाल्या, "अरे, उद्या ये. हे कबूल करणार आहेत की तबकडी गेली होती."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाले इस्त्रीचा सदरा घालून बसले. टेबलावर चहाचे कप-बशा, शेजारी मी. मेव्हणा आला तोही इस्त्रीच्या सदऱ्यात. दारात थांबला, छाती पुढे काढली आणि गॉगल लावून ठेवलेल्या प्लॅस्टरच्या मुंडक्याला म्हणाला, "काय भावोजी, फारच रोडावलात!"

चष्मेवाल्यांना वाटलं, हा आपली टर उडवतोय. "मी इकडे आहे," ते गुरगुरले. "बस. आणि बोल."

"मी काय बोलू? तुम्ही बोला."

"अरे, तू कबूल करायला आलायस ना?"

"मी? कबूल तुम्ही करणार होतात!"

दोघांनी ताईंकडे पाहिलं. निदान मेव्हण्याने कॅलेंडरकडे पाहिलं. ताई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "चहा गार होतोय."

मग काय विचारता! एकतीस वर्षांचं साठलेलं बाहेर आलं. नियम, छर्रा, गवत, टवका, सगळं. शेवटी मेव्हणा टेबलावर हात मारून म्हणाला, "आणा ती तबकडी! होऊन जाऊ दे!" आणि त्याने झटकन बशी उचलली. ती उजेडाकडे धरली, फिरवून फिरवून पाहिली, बोटाने चाचपली. त्याचा चेहरा खुलला. "कुठंय भोक? सांगा, कुठंय? एकतीस वर्षं मी काय सांगत होतो?"

मी शेजारीच होते, पण मला बोलता येत नाही.

चष्मेवाले उसळून उठले होते, ते तसेच उभे राहिले. त्यांनी मेव्हण्याच्या हातातल्या बशीकडे पाहिलं, मग त्याच्या डोळ्यांकडे. त्यांना आता एका शब्दात जिंकता आलं असतं. मला वाटलं, म्हणतील आता. पण ते हळूच पुढे झाले, बशी काढून घेतली आणि म्हणाले, "खरंय. भोक नाही यात. चल, खुर्चीत बस. डोळे बघू तुझे." त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

मेव्हणा जिंकल्याच्या खुशीत तपासणीच्या खुर्चीत बसला. भिंतीवरची अक्षरं त्याने न अडखळता म्हणून दाखवली. पण त्याने पाठ म्हटलेला तक्ता एकतीस वर्षांपूर्वीचा होता. नवा तक्ता लावून वीस वर्षं झाली होती.

चष्मेवाल्यांनी त्याचा जुना चष्मा उतरवून घेतला. त्याच्या एका डोळ्याचा नंबर जास्त, दुसऱ्याचा कमी, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी काचा तपासल्या. पुन्हा तपासल्या. मग ते स्टुलावर मटकन बसले.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"डावी काच उजवीकडे आहे. उजवी डावीकडे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी उलट्या बसवल्या. आदल्या संध्याकाळी. डोक्यात सामना होता ना माझ्या." त्यांनी चष्मा पुन्हा उजेडाला धरला. "अगं, याला त्या दिवशी दिसणारच नव्हतं. माझी शंभरावी मीच घालवली."

मेव्हणा चष्म्याशिवाय इकडेतिकडे बघत होता. मग म्हणाला, "भावोजी, मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"आपल्याला धड दिसत नाहीये, हे. सामना चालू असतानाच. पहिल्या नव्याण्णवांचा तर धुरळाच उडत होता, तो काय कुणालाही दिसेल. पण त्या शेवटच्या वेळी काही दिसलं नाही म्हणजे नाही. मग रागात चष्म्याचं तोंडून गेलं, आणि एवढी तुमची गिऱ्हाइकं बसलेली! त्यांच्यासमोर परत कसं सांगू, की खरंच यातून दिसत नाही? दुकान बसलं असतं तुमचं."

"मग नंतर सांगायचं!"

"नंतर तुम्ही बोलत होतात कुठे?"

चष्मेवाले हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते मेव्हण्याच्याच चष्म्याच्या फडक्याने पुसलं.

आठ दिवसांनी नवा चष्मा आला. काचा बसवताना चष्मेवाल्यांनी त्या सात वेळा तपासल्या आणि आठव्यांदा ताईंना तपासायला लावल्या. मेव्हण्याने चष्मा लावला आणि आधी बहिणीकडे पाहिलं. "ताई," तो म्हणाला, "तू एवढी म्हातारी कधी झालीस?" ताईंनी त्याला एक चापट मारली आणि मग बराच वेळ त्याचा हात सोडला नाही.

मग त्याने मला उचललं. भोक पाहिलं, कडेचा टवका पाहिला, आणि माळावरच्या जुन्या आवाजात ओरडला, "फुटली!"

"गेली," चष्मेवाले शांतपणे म्हणाले. "पंचाला हवेत दिसली पाहिजे. नियम वाच."

"अहो, छर्रा आरपार आहे!"

"गवतातून उचललेली चालत नाही."

तेव्हापासून रोज संध्याकाळी हा वाद होतो. आता मेव्हणा फुटली म्हणतो आणि चष्मेवाले गेली म्हणतात. ताई चहा ठेवतात आणि कुणाचीही बाजू घेत नाहीत.

मित्रांनो, आत्मकथेच्या शेवटी वस्तूने मला जपा असं म्हणायचं असतं. मला जपू नका, मी फुटायलाच जन्मले होते. फक्त उन्हात आणि दुधावर ठेवू नका. मात्र डोळे वेळच्या वेळी तपासून घ्या, आणि तपासणाऱ्याशी भांडण झालं असेल तर आधी तपासून घ्या, मग भांडा. माझ्या पेटीतल्या नव्याण्णव जणी धुरळा होऊन गेल्या. मला पूर्वी त्यांचा हेवा वाटायचा. आता वाटत नाही.

सध्या मी पुन्हा काचेच्या कपाटात आहे, शेजारी तो उलट्या काचांचा चष्मा. पुढे जुनीच चिठ्ठी आहे, "हिला भोक आहे. बघा." तिच्याखाली परवा मेव्हण्याने नवा चष्मा लावून, अगदी सरळ ओळीत, एक शब्द लिहिला.

"बघितलं."