माझ्यातले मेहकर

मित्रांनो, मी भिंतीवर टांगायचा एक जुना नकाशा आहे. माझ्या कडा झिजल्या आहेत, रोगण पिवळे पडले आहे. पण जे सांगणार आहे ते आठवले की आजही माझी गुंडाळी आपोआप आवळते. इतका मोठा धक्का मला तेव्हा बसला होता.

नागपूरच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. कागदावर आधी निळ्या नद्या आल्या, मग तांबड्या सीमा आणि शेवटी काळी अक्षरे. मला मांजरपाटाच्या पांढऱ्या जाड कापडावर चिकटवले, वर-खाली लाकडी दांडे ठोकले. माझ्या मधोमध ठळक अक्षरांत ‘मध्यप्रांत’ असे छापले होते आणि खाली डाव्या हाताला ‘वऱ्हाड’. त्या काळी तुमचा बुलढाणा जिल्हा या प्रांतात होता. माझ्यात नागपूर होते, जबलपूर होते, पार तिकडचे रायपूर होते. मुंबई आणि पुणे मात्र नव्हते, कारण ती दुसऱ्या प्रांतात होती. एवढी गोष्ट लक्षात ठेवा. पुढे सगळे तिथेच अडणार आहे.

आणखी एक सांगून ठेवतो. ‘वऱ्हाड’मधल्या ‘व’च्या पोटाखाली, अगदी बारीक अक्षरांत, मेहकर होते.

मी पहिल्यांदा टांगला गेलो तो सोनाळ्याच्या शाळेत. तिथे इंद्रभान नावाचे तरुण मास्तर इतिहास शिकवत. शिकवताना ते एका एका मुलाला पुढे बोलवत आणि म्हणत, “आपल्या गावावर बोट ठेव.” सोनाळा माझ्यावर छापलेलेच नव्हते. मुले गोंधळून जात.

“मास्तर, आपलं गावच नाही याच्यात.”

“नाही तर नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी ठेव बोट. तिथं तू हायेस. आता सांग, तुझ्या आज्याच्या वक्ताले इथं राज्य कोणाचं होतं?”

मुले घरी जाऊन आजोबांना विचारत आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन येत. मला वाटे, जगात यापेक्षा चांगले काम दुसरे नसेल.

छप्पन साली माझ्या सीमा बदलल्या. तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. मग साठ साली महाराष्ट्र राज्य झाले. सुट्टी संपून शाळा उघडली. दारावर आंब्याची पाने होती, मुलांना पेढे वाटले जात होते. तेवढ्यात हेडमास्तर माझ्यासमोर येऊन थांबले आणि म्हणाले, “हा आता चुकीचा झाला. काढा.”

मित्रांनो, माझी एकही नदी हलली नव्हती. एकही डोंगर सरकला नव्हता. तरीही मी खोटा ठरलो होतो.

इंद्रभान मास्तर पुढे आले. “चुकीचा नाही झाला सर, जुना झाला. मले द्या. इतिहासाले जुनाच लागते.”

त्यांनी मला घरी नेले. नोकरी सांभाळून ते एम.ए. झाले आणि मेहकरात नव्या निघालेल्या एका कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागले. एसटीच्या टपावर, वांग्यांच्या पोत्यांना टेकून, मीही मेहकरात आलो. कॉलेज म्हणजे कापसाचे रिकामे गोदाम होते. भिंतीच्या फटींतून अजून सरकी निघत असे.

तिथे सरांनी इतिहासाचा ऑनर्स वर्ग सुरू केला. हा वर्ग म्हणजे काय, तर एकाच विषयात अधिक खोल शिकायचे, जादा पेपर द्यायचे आणि स्वतः शोधून निबंध लिहायचा. सर वर्गाचे प्रमुख झाले. प्रमुख म्हणजे आरामात बसणारा मोठा माणूस, असा माझा समज होता. प्रत्यक्षात सर पुस्तके मागवत, वेळापत्रक बसवत, विद्यापीठात खेटे घालत, मुले गोळा करायला गावोगाव फिरत, आणि उरलेल्या वेळात शिकवत. पहिल्या वर्षी मोजकीच मुले आली. त्यांत एक मुलगी होती, डोणगावची सरवरी.

गावातल्या लोकांना ‘ऑनर्स’ म्हणता येत नसे. कॉलेजचा शिपाई शकूर तर सरळ ‘अननसचा वर्ग’ म्हणत असे. एक दिवस सरवरीचे वडील हबीबभाई वर्गात आले. ते डोणगावात गाद्या भरायचे काम करत. दाढीत कापूस अडकलेला होता.

“सर, पोरगी म्हणते मले अननस करायचं हाये. आमच्या डोणगावात अननस होत नाही.”

“इथंही होत नव्हता, हबीबभाई. आता लावून पाहतो आहोत.”

हबीबभाई हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “आमच्या घरात पोरीचं लगन ठरवायची बात चालू हाये. मी तिले एकच शब्द देल्ला. सांजेले जे बस परत येते, तिथवर शिक. त्याच्यापुढं नाही. हा वर्ग इथं राह्यला तं ते शिकन. इथून उठला तं तिचं बी शिकणं उठलं.”

“वर्ग राहील,” सर म्हणाले.

पण ते त्यांच्या हातात नव्हते. वर्गाला विद्यापीठाची मान्यता तात्पुरती होती. कायमची मान्यता द्यायची की वर्ग बंद करायचा, हे ठरवायला समिती येणार होती.

आमचे प्राचार्य किसनराव माणूस वाईट नव्हते, पण भित्रे होते. त्या दिवसांत काही लोक विदर्भाचे वेगळे राज्य मागत होते, गावात सभा होत होत्या. समिती येण्याच्या सकाळी इंद्रभान सर पाहुण्यांना आणायला बसस्टँडवर गेले. इकडे किसनराव वर्गात डोकावले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

“शकूर, अरे, हा मध्यप्रांत भिंतीवर काऊन? ते लोक म्हणतील, यायले महाराष्ट्र नको, वेगळं राज्य पाह्यजे. वर्ग जाईन आपला.”

“काढून टाकू का साहेब?”

“याच्या मागं भिंतीले केवढा पोपडा निघाला, ठाऊक नाही का तुले? काढला तं तो दिसन. खळ आन. मी कागद देतो.”

शकूरने घरून खळ आणली. किसनरावांनी वळणदार अक्षरांत दोन पट्ट्या लिहिल्या. माझ्या अंगावर झाकायचे शब्द दोन होते आणि वर लावायचे शब्दही दोनच. म्हणून ‘मध्यप्रांत’वर ‘महाराष्ट्र’ चिकटवले आणि ‘वऱ्हाड’वर ‘राज्य’. दोघांनी मागे सरकून पाहिले. किसनराव खूश झाले.

समोरच्या खिडकीच्या काचेत मी स्वतःला पाहिले आणि मी गारठून गेलो. मित्रांनो, माझ्या डोक्यात काय आले असेल ते तुम्ही ओळखले असेल. त्या भिंतीवर आता एक असे महाराष्ट्र राज्य टांगलेले होते, ज्यात जबलपूर होते आणि रायपूर होते, पण मुंबई नव्हती आणि पुणेही नव्हते. मला ओरडून सांगायचे होते. पण नकाशाला तोंड नसते.

समिती आली. तिचे प्रमुख भगवंतराव उंच, कोरड्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. त्यांनी मुलांच्या वह्या चाळल्या, ग्रंथालयाचे कपाट पाहिले. मग ते माझ्याजवळ आले आणि बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या मागून आलेल्या इंद्रभान सरांनी वर पाहिले. त्यांनी त्या पट्ट्या त्याच क्षणी पहिल्यांदा पाहिल्या.

भगवंतरावांनी टेबलावरची छडी उचलून सरवरीपुढे धरली. “मुली, या नकाशात मुंबई दाखव.”

सरवरीने छडी घेतली. ती माझ्यासमोर आली. छडीचे टोक डावीकडे सरकत माझ्या कडेपर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

“सर, याच्यात मुंबई नाही.”

“महाराष्ट्रात मुंबई नाही?”

“महाराष्ट्रात हाये सर. याच्यात नाही. हा महाराष्ट्राचा नकाशाच नाही. जुन्या मध्यप्रांताचा हाये. वरून कागद लावला.”

“पोरगी घाबरली साहेब,” किसनराव घाईने म्हणाले. “खेड्यातली हाये.”

“कागद कोणी लावला?”

शकूर दाराशी उभा होता, त्याने मान खाली घातली. किसनराव रुमाल शोधू लागले. तेव्हा इंद्रभान सर पुढे झाले.

“या वर्गाचा प्रमुख मी आहे. या भिंतीवर जे लागतं त्याची जबाबदारी माझी.”

मी थक्क झालो. हा माणूस तर सकाळपासून बसस्टँडवर होता.

“मग हा जुना प्रांत इथं कशाला टांगलाय?” भगवंतरावांनी विचारले. “तुम्हाला वेगळं राज्य हवंय का?”

“हा इतिहासाचा वर्ग आहे सर. इथं जुनं राज्य जुनंच दाखवावं लागतं. नव्या महाराष्ट्राचा नकाशा समोरच्या भूगोलाच्या खोलीत आहे. तिथं मुंबई जागेवर आहे.” मग ते सरवरीकडे वळले. “पोरी, काढ तो कागद. वर्ग राहो की जावो, खोट्या नकाशापुढं तुझी परीक्षा नको.”

सरवरीला वडिलांची अट क्षणभर आठवली असावी, कारण ती जागची हलली नाही. मग तिने ओढणीचे टोक कोपऱ्यातल्या पाण्याच्या माठात बुडवले, आधी ‘महाराष्ट्र’ भिजवले आणि अलगद सोलले. ते निघाले. ‘राज्य’ मात्र निघेना. शकूरची खळ तिथे घट्ट बसली होती. तिने जोर लावला आणि चर्रकन आवाज झाला.

मला दुखले, पण त्याहून भीती वाटली. पट्टीबरोबर माझा कागदही निघाला होता. ‘व’ गेला, त्याच्या पोटाखालचे मेहकर गेले, आजूबाजूचा मुलूख गेला. तळहाताएवढे पांढरे मांजरपाट उघडे पडले.

भगवंतरावांनी ती जागा पाहिली. “तुझं गाव कुठलं?”

“डोणगाव. मेहकर तालुका.”

“दाखव.”

सरवरीने माझ्याकडे पाहिले, मग हातातली पट्टी उलटी केली. “हे काय सर. माझ्या हातात.”

समितीतले दुसरे गृहस्थ खोकल्याचे निमित्त करून खिडकीकडे वळले. भगवंतराव हसले नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतले आणि ते निघून गेले.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. शेवटी विद्यापीठाकडून निरोप आला. वर्गाला कायमची मान्यता मिळाली होती. मात्र एक सूचना होती: कालबाह्य नकाशे भिंतीवर ठेवू नयेत.

मला वाटले, सर भांडतील. सोनाळ्यात माझ्यासाठी पुढे झालेला हा माणूस आताही पुढे होईल. पण त्यांनी स्वतःच्या हाताने मला खिळ्यावरून उतरवले. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

“सर, मी चिकटवलं, शिक्षा याले काऊन?” शकूर म्हणाला.

“हा भिंतीवर राह्यला तं वर्ग जाते, शकूर. पोरगी शिकू दे.” त्यांनी मला गुंडाळले, सुतळी बांधली आणि कपाटामागे उभे केले. जाताना दांड्यावर हात ठेवला. तो हात लवकर निघाला नाही.

कपाटामागे अंधार होता. कसर लागली, एका कोपऱ्यात उंदराने दात लावले. बाहेरचे जग मला फक्त झाडू मारणाऱ्या शकूरच्या बोलण्यातून कळे. सरवरी वर्गात पहिली आली. एम.ए.ला लांबच्या गावी जायचे ठरले, तेव्हा हबीबभाई स्वतः तिला बसमध्ये बसवायला आले आणि बस वळेपर्यंत हात हलवत राहिले. पुढे इंद्रभान सर निवृत्त झाले.

मग एक दिवस कपाट सरकले. उजेड माझ्या डोळ्यांत घुसला. “हाव मॅडम, हाच तो,” शकूरचा म्हातारा आवाज आला. सुतळी सोडणारे हात मी ओळखले. सरवरी आता इतिहास शिकवत होती आणि ऑनर्स वर्गाची प्रमुख होती. तिने मला खिळ्यावर टांगले आणि माझ्या वरच्या दांड्याला एक पुठ्ठा बांधला: ‘जुना प्रांत. आजचा नकाशा समोरच्या खोलीत.’ मग कोणाची हरकत आली नाही.

नवी मुले मला पाहून चकित झाली. “मॅडम, याच्यात मेहकरच नाही.”

चित्रकलेच्या शिक्षकांनी ती जागा रंगवून, नावे लिहून द्यायची तयारी दाखवली. सरवरी म्हणाली, “राहू द्या सर. पट्टी एकदा लावून झाली.” मग तिने एका मुलाला पुढे बोलावले आणि त्याचे बोट त्या पांढऱ्या कापडावर ठेवले.

“इथं तू हायेस. आता सांग, तुझ्या आज्याच्या वक्ताले इथं राज्य कोणाचं होतं?”

मित्रांनो, ते शब्द ऐकून मी दांड्यापासून दांड्यापर्यंत शहारलो.

तेव्हापासून दरवर्षी नव्या मुलांची बोटे तिथे टेकतात. कोणी सांगते, आमच्या आजोबांची बहीण खालच्या अंगाला निजामाच्या मुलखात दिली होती. कोणी सांगते, आजोबा जमिनीच्या कज्ज्यासाठी नागपूरच्या कोर्टात जात. ते कापड आता पांढरे राहिलेले नाही. खडू, शाई आणि घाम लागून ते मातकट झाले आहे.

जुन्या वस्तू तुमच्या हाती येतील तेव्हा त्यांच्यावर नवी नावे चिकटवू नका. माझी धूळ झटका, मला उन्हापासून आणि उंदरांपासून जपा. फक्त तेवढा एक डाग धुऊ नका. माझ्यातले मेहकर आता तिथेच आहे.