कचरा काढण्याबाबत

एका बोटभर माशासाठी मी तीन वर्षं सरकारी टेबलांपुढे उभी राहिले. एका साहेबांनी विचारलं, मॅडम, हा खायला कसा लागतो? दुसऱ्यांनी फाइल वनखात्याकडे ढकलली, वनखात्याने पाण्यातली बाब म्हणून परत पाठवली. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. माझ्या वाट्याला ते सहापट आलं.

मी तुमसरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. नाकाडोंगरीच्या पलीकडच्या एका जुन्या तलावात हा मासा मला सापडला. शेपटीशी काळा ठिपका, अंगावर हळदीची झाक. आजूबाजूचे चाळीस तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, पालथ्या घातल्या, पण दुसरीकडे कुठेच नाही. आणि इथे, तो काठाशी जिथे अंडी घालतो नेमका तिथेच, लग्नांतल्या थर्माकोलच्या ताटांचा आणि पिशव्यांचा खच. तो उपसला नाही तर दोन-तीन वर्षांत हा मासा संपणार, हे मी भेटेल त्या साहेबाला सांगत होते. मासा कोणता आणि तो याच तलावात आहे, हे मात्र गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. शोभेचे मासे विकणारे नागपूरहून यायला कितीसा वेळ लागतो?

शेवटी जूनच्या सुरुवातीला पत्र निघालं, ते थेट गावच्या मच्छीमार सोसायटीला. मला प्रत चार दिवसांनी मिळाली. तशीच स्कूटी काढली आणि तलाव गाठला.

सोसायटीचे अध्यक्ष तेजरामभाऊ तलावाच्या पाळीवर उभे होते. थर्माकोलची ताटं काठाला जागच्या जागी होती. माझं डोकंच फिरलं.

"भाऊ, पत्र भेटलं ना? मग काम काहून नाही केलं?"

"केलं ना मॅडम. परवाच झालं." त्यांनी खिशातून घडी काढली आणि वाचून दाखवलं, "‘दुर्मीळ माशाच्या संवर्धनासाठी तलावातील सर्व कचरा तातडीने काढावा.’ बारा पोते मोहाची ढेप टाकली. सारा कचरा वर आला. एक नाई सोडला."

ढेप म्हणजे मोहाच्या बियांची पेंड; तिने तलावातला मासा न् मासा मरतो. रोहू-कतल्याचं बीज सोडण्याआधी इथले मच्छीमार, ढिवर लोक, ती टाकतात. जो बारीक मासा बाजारात कुणी घेत नाही, त्याला ते कचरा म्हणतात. हा शब्द मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकला होता. आणि पत्रातलं ते वाक्य माझ्याच अर्जातलं होतं, साहेबांनी जसंच्या तसं उतरवलेलं.

पलीकडे गावातली रुखमाबाई ताडपत्रीवर बारीक मासे वाळवत होती. जवळ जाऊन बघायचं धाडस मला झालं नाही. मी वळून पाण्याच्या कडेला गेले. इतकी वर्षं ज्याच्या त्याच्यावर चिडत आले होते, आता चिडायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

तेजरामभाऊंना वाटलं, मला पाण्याची काळजी आहे.

"पंधरा-वीस दिवसांत पानी बरोबर होते, मॅडम," ते समजावत म्हणाले. "मंग आना तुमचा तो मासा. आमी कोनाले हात लावू देनार नाई."