विसाचे पेढे

अंजूर फाट्याच्या कोंडीत गाडी एकदम गप्प झाली.

मागच्या ट्रेलरवाल्याने हॉर्नवर हात ठेवला आणि तो तिथेच विसरला. शेजारच्या रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढलं. "चाचा, बंद पड गयी. धक्का मारूँ क्या?"

"बंद नहीं है, भाई," केसरीनाथ म्हणाला. "सोच रही है."

बाजूच्या सीटवर कमळने पदर सावरला. "गेली काय वो?"

"नाय गो. ही अशीच. उभी रायली का इंजिन बंद. ब्रेक सोरला का आपसूक चालू."

"म्हंजे आपले दीपेससारखी. पाठीत बुक्का घातल्याबिगर उठाची नाय."

केसरीनाथने ब्रेकवरचा पाय उचलला. कुणी घसा खाकरावा तसा बारीक आवाज झाला आणि गाडी निघाली. धक्का मारायला उतरलेला रिक्षावाला दोन्ही हात पुढे करून रस्त्यात उभाच राहिला.

"किती?" केसरीनाथने विचारलं.

लिटरला किती किलोमीटर पडले तो आकडा स्टिअरिंगच्या मागे बारीक अक्षरांत उमटायचा. कशेळीच्या पुलावरून खाडीतली होडी कुणाची हे केसरीनाथला ओळखता येई. हातभरावरचा आकडा मात्र दिसत नसे. चष्मा लावला की माणूस म्हातारा होतो, असं त्याचं मत होतं. वय अठ्ठावन्न होतं. त्यामुळे वाचनखातं कमळकडे. ती सातवी शिकलेली. ती वाकली, जरा थांबली आणि म्हणाली, "चौदा."

"सुरुवात हाय. चरेल हलूहलू."

"चरनारच. तुमी चालवता ना."

राहनाळला गोदामं आली तेव्हा भातशेती गेली, आणि तिच्या बदल्यात गावाला तीन वस्तू मिळाल्या: बाहेरून टाइल्स लावलेले बंगले, गळ्यात मावणार नाहीत अशा चेनी आणि डिझेलच्या उंच पांढऱ्या जीपा. ज्याच्याकडे तिन्ही, तो शेठ. केसरीनाथचा चुलतभाऊ बाळाराम तिन्ही बाबतींत शेठ होता. शिवाय त्याला मिशी होती. केसरीनाथकडे बंगला होता, चेन कपाटात होती, आणि जीप घ्यायची राहून गेली होती.

कमळच्या किडन्या थकल्या आणि आठवड्यातून तीनदा ठाण्याला डायलिसिस ठरलं, तेव्हा पहिल्या तीन खेपा बाळारामच्या जीपमधून झाल्या. जीप खड्ड्यांची कदर न करणारी होती. डिझेलच्या वासाने आणि हादऱ्यांनी कमळ पिशवीत ओकायची आणि वर बाळारामची माफी मागायची. चौथ्या खेपेआधी केसरीनाथ ठाण्याच्या शोरूममध्ये जाऊन उभा राहिला. अर्धी बॅटरीवर, अर्धी पेट्रोलवर चालणारी ही नवी गाडी त्या वर्षी, दोन हजार आठ साली, नुकतीच आली होती. विकणारा मुलगा मायलेजचं पाठ केलेलं भाषण घेऊन पुढे सरसावला. केसरीनाथने त्याला एकच विचारलं, "आवाज किती करतं?"

मुलगा गोंधळला. "उभी असली की काहीच नाही, सर."

"आनि हादरतं किती?"

"अजिबात नाही, सर."

"द्या मंग."

पण बायकोला हादरे बसतात म्हणून गाडी घेतली, असं राहनाळमध्ये पुरुषाने बोलायचं नसतं. त्यामुळे मारुतीच्या देवळासमोर नारळ फोडून झाल्यावर, चाकाखालची लिंबं फुटल्यावर, सगळ्यांनी कारण विचारलं तेव्हा केसरीनाथने त्या मुलाच्या भाषणातला एक आकडा उचलला. "लिटरला वीस देतं," तो म्हणाला.

"पिन कुठं घालाची?" हे विचारायला निम्मं गाव आलं. ब्रेक मारला की ही स्वतःच चार्ज होते, बाहेरची वीज तिला लागतच नाही, हे कळल्यावर लोक जरा उदास झाले. रोजचं लोडशेडिंग सोसणाऱ्या गावाला आपल्यापेक्षा सुखी गाडी बघवेना.

"वीस?" बाळारामने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. "हे खेलन्यानं वीस दिलं ना केसऱ्या, तं ही मिशी काढीन. भर नाक्यावर."

लोक हसले. कमळ गाडीत बसून होती, तिने काच खाली केलेली होती. तिने ऐकलं.

त्या दिवसापासून केसरीनाथ विसाच्या मागे लागला. गाडीचं पुस्तक इंग्रजीत होतं. सून मृणाली, दीपेशची बायको, ते रोज रात्रीच्या जेवणानंतर दोन पानं वाचून दाखवी आणि सासरा पोथी ऐकावी तसा ऐके. पायाखाली अंडं आहे असं समजून गाडीचा वेग वाढवा. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढा. चाकांत हवा बरोबर ठेवा. केसरीनाथ माना डोलवी. नांगराच्या बैलांना त्याने हेच शिकवलं होतं, फक्त त्याचं पुस्तक नव्हतं. कोंडीतून तो गाडी अशी काढी की कमळच्या मांडीवरच्या बाटलीतलं पाणी हलत नसे. मागचे ट्रकवाले आईबहिणीचा उद्धार करीत. केसरीनाथ पाय सांभाळून बसलेला असे.

पुस्तकात एक गोष्ट मात्र सापडली नाही, किंवा त्या पानाआधी मृणालीला झोप आली. डायलिसिस झालं की कमळला हुडहुडी भरायची. चार तास यंत्रातून फिरून आलेलं रक्त परक्या घरून आल्यासारखं थंड असे. घरून आणलेली शाल पुरत नसे. मग केसरीनाथने तिच्याच जुन्या लुगड्यांची गोधडी आणली, मागच्या काचेखाली जी सपाट जागा असते तिथे नीट पसरली आणि गाडी उन्हात लावायला सुरुवात केली.

"काका, तिकडे सावली आहे," हॉस्पिटलचा वॉचमन पहिल्या दिवशी म्हणाला.

"सावली नको."

"नवीन गाडी आहे. रंग उडेल."

"उडू द्या."

वॉचमनने पुढे विचारणं सोडलं. ज्या सावलीसाठी ठाण्यातले सुशिक्षित लोक हॉर्न वाजवून भांडत, ती सोडून हा माणूस कडक उन्हात चार तास गाडीची राखण करत बसे. कमळ व्हीलचेअरवरून खाली आली की काचेतून तापलेली गोधडी निघे आणि तिच्या अंगावर जाई.

"तव्यावरची भाकर गुंडाललेय जशी," कमळ डोळे मिटून म्हणायची.

"मंग? बॅटरीची गारी हाय. सगला गरमागरम."

कशेळीच्या पुलापर्यंत ती बोलत नसे. त्या दिवशी डॉक्टरांनी जे आकडे सांगितलेले असत तेही दोघं बोलत नसत. हिमोग्लोबिन आठ होतं ते साडेसात झालं, मग सात. डॉक्टर ते केसरीनाथला व्हरांड्यात सांगत आणि कमळ ते त्याच्या चेहऱ्यावरून वाचत असे. त्यासाठी सातवी शिकावं लागत नाही.

पूल आला की केसरीनाथ विचारी, "किती?"

ती गोधडीतून मान काढून वाके. जरा थांबे. "सोला."

"सोला! अगो, काय बोलतंस!"

पावसाळ्यात सोळाचे सतरा झाले. नवरात्रात अठरा. हॉस्पिटलमधून पडेल चेहऱ्याने निघालेला केसरीनाथ पुलापलीकडे माणसांत येई, आणि रात्री देवळासमोर बाळारामला म्हणे, "वस्तरा परजून ठेव."

जानेवारीतल्या एका दुपारी, पुलाच्या ऐन मधोमध, त्याने विचारलं आणि कमळ नेहमीपेक्षा जरा जास्त थांबली.

"काय गो? उतरला का?"

"नाय," ती म्हणाली. "वीस."

केसरीनाथने पूल ओलांडून गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. मग अंजूर फाट्यावर थांबून पेढे घेतले, आणि नातू झाल्यासारखे घरोघर वाटले. "गारीनं वीस दिलं," तो सांगत होता. बायका पेढा कपाळाला लावून खात होत्या. कमळला पेढा वर्ज्य होता. तिने नखावर राहील एवढा कण घेतला.

बाळारामने दोन पेढे खाल्ले आणि लग्नसराई संपली की मिशी काढतो असं जाहीर केलं. घरात पुतणीचं लग्न आहे, फोटो निघतात, माणसाने विचार करायला नको का?

लग्नसराई संपायच्या आत कमळ गेली. तो बुधवार होता, डायलिसिसचा दिवसही नव्हता. सकाळी चहा मागितला, चहा आला तेव्हा ती नव्हती.

दहाव्याला खाडीवर भावकीतले पुरुष ओळीने न्हाव्यापुढे बसले. बाळारामची पाळी आली तेव्हा न्हाव्याने क्षणभर वस्तरा थांबवून त्याच्याकडे पाहिलं. बाळारामने मान पुढे केली. पैज त्या दिवशी कुणालाच आठवली नाही. निदान कुणी तसं दाखवलं नाही.

गाडी महिनाभर अंगणात उभी राहिली. मग एक दिवस चालू केल्यावर नारिंगी दिवा लागला तो विझेना. दीपेशला गोदामाची ड्युटी होती, म्हणून केसरीनाथबरोबर मृणाली सर्व्हिस सेंटरला गेली. तिथल्या सुपरवायझरने गाडीला वायर जोडली, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मग मागचं दार उघडून आत वाकला.

"काका, ही गोधडी इथे केव्हापासून आहे?"

"पयल्यापासून."

"हिच्याखाली ही जाळी बघा. हे बॅटरीचं नाक. इथून ती गार हवा ओढते. तुम्ही वर्षभर तिचं नाक दाबून धरलंय. गाडी उन्हात लावता का?"

केसरीनाथने गोधडीचा एक कोपरा सारखा केला.

"तापली की बॅटरी मदत करत नाही. सगळा भार इंजिनवर. म्हणून तर तुमचं ॲव्हरेज एवढं कमी."

"कमी कुठं? वीस देतं."

सुपरवायझर शाळामास्तरासारखा हसला. "वीस कुठलं, काका? तुम्ही आकडा एकदाही शून्यावर आणलेला नाही, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचा हिशेब समोर आहे. बारा पॉइंट आठ. बाईंना विचारा, दिसतोय."

मृणालीने आकड्याकडे पाहिलं नाही. तिने गोधडी उचलून घडी घालायला घेतली.

गोधडी डिकीत गेली, आकडा शून्यावर आला, दिवा विझला. परतीच्या वाटेवर गाडी लोण्यासारखी चालत होती. सिग्नलला शहाण्यासारखी गप्प व्हायची. कापूरबावडी गेल्यावर केसरीनाथ म्हणाला, "तुला ठाव होता?"

मृणालीने खिडकीबाहेर पाहिलं. "एकदा मी मागे बसले होते, बाबा. आकडा तेरा होता आणि आई सतरा म्हणाल्या. घरी आल्यावर मी विचारलं. म्हणाल्या, 'दवाखान्यानला आकडा रोज उतरतं. त्यांना एक तरी चरता आकडा नको काय? आनि त्यांनी गारी कनासाठी घेतली ती मना म्हाइत हाय.'"

पूल आला. खाडीला ओहोटी होती. दोन होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. केसरीनाथला त्या कुणाच्या ते दिसत होतं.

"किती?" त्याने सवयीने विचारलं.

मृणाली वाकली. "एकोणीस पॉइंट सहा." मग घाईने म्हणाली, "खरंच, बाबा. शपथ."

"हं," केसरीनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कुणाला न सांगता भिवंडीत गेला आणि चष्मा करून आला. घरी आल्यावर डिकी उघडली, गोधडी काढली, झटकली, आणि मागच्या काचेखाली जाळीवर नीट पसरली. कोपरे ओढून सारखे केले. मग गाडी आंब्याखालून काढून उन्हात लावली. मृणालीने हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि पुन्हा भाकरीकडे वळली.

महिन्याभराने गोदामाच्या गेटापाशी बाळारामने गाडीला हात केला. त्याची मिशी पुन्हा आली होती, पण आधीसारखी दाट नव्हती, आणि पांढरी होती. तो खिडकीत वाकला. बोलायला काही सापडेना, तेव्हा माणूस जुनंच काहीतरी काढतो.

"काय केसरीनाथ, गारी देतं का अजून?"

केसरीनाथने खिशातून चष्मा काढला, एक एक दांडी सोडवून कानांवर चढवला, आणि आकड्याकडे वाकून पाहिलं. तेरा पॉइंट एक. जरा थांबला.

"वीस," तो म्हणाला.

बाळारामने मागच्या काचेकडे पाहिलं. लुगड्यांचे तुकडे उन्हात तापत होते. हिरवा, जांभळा, एक लग्नातला पिवळा.

"मोप झाला," बाळाराम म्हणाला, आणि बाजूला झाला.

केसरीनाथने ब्रेक सोडला. पायाखाली अंडं असावं तसा पाय टेकवून, शेजारची सीट जराही न हलवता, त्याने गाडी खड्ड्याच्या कडेने काढली.