न सोडलेली गाठ

समन्स आलं तेव्हा नांगराचा फाळ भट्टीत लाल झाला होता आणि मी भाता ओढत होते. शिपाई कागद देऊन गेला. आमच्या ह्यांनी फाळ ऐरणीवर घेतला आणि पहिलाच घाव फाळ सोडून ऐरणीवर घातला. लग्न होऊन वीस वर्षं झाली, असा घाव चुकलेला मी कधी बघितला नव्हता.

"काय लिहिलंय त्यात?" मी विचारलं.

"साक्षीला बोलावलंय. पंच म्हणून."

"मग भोगा आता! सही करताना मला विचारलं होतंत?"

"तू समोरच तर होतीस. भाता ओढत."

ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

झालं होतं ते असं. सात महिन्यांपूर्वी तळ्यावरच्या पंपघराच्या राखणदाराच्या डोक्यात रात्री कुणीतरी कुऱ्हाड घातली. माणूस वाचला, पण अंधारात कोणी मारलं ते त्याला सांगता येईना. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी शेजारच्या गवळणबाईच्या लेकाला उचललं. पाण्याच्या पाळीवरून त्याचं आणि राखणदाराचं चार लोकांसमोर वाजलं होतं, तेवढं पुरलं. त्याच दुपारी हवालदार भट्टीवर आला. हातात कागद, काखेत फडक्याचं गाठोडं. गाठीला लाख लावायची अजून बाकी होती.

"गवळ्याच्या गोठ्यात कुऱ्हाड सापडलीय," तो म्हणाला. "पंच म्हणून सही कर. आटप, तुझं लोखंड थंड होईल."

लोखंड तापलेलं असलं की आमच्या घरात पाहुण्याला पाणीसुद्धा नंतर मिळतं. ह्यांनी डाव्या हातात सांडस तशीच धरली आणि उजव्या हातानं सही ठोकली. कुऱ्हाड ह्यांच्या डोळ्यांदेखत वैरणीखालून काढली, असं त्या कागदावर लिहिलं होतं. हे त्या दिवशी गोठ्याकडे फिरकलेसुद्धा नव्हते.

समन्स आल्याचं कळलं तशी गवळणबाई आली. सात महिने तिनं आमच्या दारात दूध घातलं नव्हतं की तोंड दाखवलं नव्हतं. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"दादा, माझा लेक तुरुंगातून घसा फोडून सांगतोय. त्या रात्री आमची कुऱ्हाड तुमच्याकडे होती, धारेला पाणी द्यायला टाकलेली. तुम्ही एकदा हो म्हणा."

"बाई, आठवड्याला वीस कुऱ्हाडी येतात. डोळ्यांनी बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"मग बघितली का नाही?"

हे मान खाली घालून राख उकरत बसले. ती गेली. मला तिच्यामागे जावंसं वाटलं, पण जाऊन बोलणार काय?

हल्ल्याच्या रात्रीनंतरची सकाळ मात्र मला लख्ख आठवत होती. ऐरणीवर आदल्या दिवसापासून खिळ्याला टांगलेली एक कुऱ्हाड होती आणि सुतार धावत सांगत आला, राखणदाराला मारलं. मी भाता सोडून ऐकत बसले. लोखंड निवलं, ह्यांचं लक्ष नव्हतं, घाव बसला आणि पात्याचा खालचा कोपरा टवका होऊन उडाला. "बाईच्या कानांपायी गिऱ्हाइकाची कुऱ्हाड गेली!" म्हणत ह्यांनी मला आईमाईवरून ऐकवलं आणि कानशीनं तो कोपरा गोल करून टाकला. ती कुऱ्हाड कुणाची, ते दोघांनाही आठवेना. संध्याकाळी भट्टीवर झुंबड होती, जो तो आपापलं उचलून घेऊन गेला.

"अहो," मी म्हटलं, "गाठोड्यातनं तीच निघाली तर?"

"तर त्या रात्री ती ह्या खिळ्याला टांगलेली होती. दांड्याशिवाय." ह्यांनी खिळ्याकडे बघितलं. "म्हणजे तो सुटला. आणि खोट्या कागदावर सही केली म्हणून मी अडकलो."

दुसऱ्या दिवशी भट्टीवर पंचायतच भरली. कलमवाले काका आले. बांधाचा खटला बारा वर्षं लढवून हरलेला माणूस, तेव्हापासून गावाला कायदा फुकट सांगतो.

"गेलाच नाहीस तर वॉरंट निघतं," काका म्हणाले. "गेलास आणि जबाब फिरवलास तर खोट्या साक्षीचा गुन्हा. लिहिलंय तसंच म्हण आणि मोकळा हो."

"आणि तो पोरगा?" मी विचारलं.

"त्याचं नशीब त्याच्यापाशी. तुम्ही आपली कातडी सांभाळा."

"काका, तुमचा बांध का गेला ते आज कळलं," मी म्हटलं. काका चहा न घेता उठले. हवालदारही एकदा सायकलवरून जाता जाता सांगून गेला, "जसं लिहिलंय तसं, बरं का!"

तारखेला मी बरोबर गेले. कोर्टाच्या ओसरीत गवळणबाईच्या लेकाची वकीलबाई भेटली. सरकारनं फुकट दिलेली, आमच्या पुतणीएवढी. हे तिला सरळच विचारून बसले, "बाई, खरं बोललो तर मला आत घालतील?"

"काय बोलायचं ते मी सांगणार नाही, काका. ते माझं काम नाही," ती म्हणाली. "पण शपथ आज घ्यायचीय. आज खोटं बोललात तर तो मोठा गुन्हा. मागची चूक आपणहून सांगितलीत तर न्यायाधीश बोल लावतील. पुढे काहीच होणार नाही, असं वचन मात्र मला देता येत नाही."

मी ह्यांची बाही धरली. घरी चला म्हणणार होते, तेवढ्यात पुकारा झाला.

पिंजऱ्यात गवळणबाईचा लेक उभा होता. अंगाचं पार चिपाड झालेलं. सरकारी वकिलानं सही दाखवली.

"ही तुमचीच?"

"माझीच."

लाख फोडली, फडकं उलगडलं, कुऱ्हाड पुढे आली. ह्यांनी ती हातात घेतली, उलटी केली आणि अंगठा पात्याच्या खालच्या टोकावरून फिरवला. मागच्या बाकावरून मला पात्याचा कोपरा दिसत नव्हता, पण तो अंगठा कुठे थांबला ते मला दिसलं.

"ही कुऱ्हाड आरोपीच्या गोठ्यातून तुमच्यासमोर काढली?"

ह्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली. पंखा कुरकुरत होता. मी लुगड्याचा पदर मुठीत पिळत होते.

"नाही साहेब. मी गोठ्यात गेलोच नव्हतो. मी भट्टीवर होतो. लोखंड तापलेलं होतं म्हणून न बघता सही केली." मग आवाज चढला. "आणि राखणदाराला मारलं त्या रात्री ही माझ्या खिळ्याला होती, दांड्याशिवाय. हा कोपरा मी दुसऱ्या दिवशी सकाळी उडवलाय. बायकोला विचारा, तिच्यापायीच उडाला."

सरकारी वकील उसळला. साक्षीदार फितूर झाला, तसं लिहून घ्या, म्हणाला. न्यायाधीशांनी ह्यांना असं झापलं, की तसं सासऱ्यांनीही कधी झापलं नसेल. पुन्हा असं केलंत तर सोडणार नाही, म्हणाले. वकीलबाईनं माझीही साक्ष मागून घेतली आणि पुढच्या तारखेला मीही तेच सांगितलं.

येताना एसटीत हे दोनदाच बोलले. "खोटी सही केली तेव्हा मी प्रतिष्ठित पंच होतो," असं एकदा. "आज फितूर," असं पुन्हा एकदा.

महिन्यानं पोराला जामीन मिळाला. खटला अजून चालूच आहे. राखणदाराला खरं कोणी मारलं, ते शोधायला कुणी आलं नाही. लेकाला घेऊन गवळणबाई दारात आली. मला वाटलं, आता आभार मानेल. तिनं दुधाचं भांडं उंबऱ्यावर ठेवलं आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "दादा, कोपरा उडवून दोनच दिवस झाले होते. त्या दुपारी गाठ सोडून बघितली असतीत, तर माझा लेक संध्याकाळी घरी जेवला असता."

ह्यांनी मान हलवली. दूध मी तापवलं आणि तसंच झाकून ठेवलं.

परवा तोच हवालदार पुन्हा आला. हातात कागद, काखेत गाठोडं, ह्या वेळी पंपाच्या चोरीच्या तारा.

"झालं गेलं विसर," म्हणाला. "कर सही. लोखंड थंड होईल तुझं."

ह्यांनी लाल फाळ सांडशीनं उचलला आणि सरळ खाली मातीत ठेवला.

"होऊ दे थंड. आधी गाठ सोडा. आणि कुठे सापडलं ते दाखवायला चला, मी येतो."

फाळ काळा पडेपर्यंत हवालदार उभा राहिला. मग काही न बोलता गाठोडं उचलून समोर सुताराकडे निघाला. सुतारानं रंधा बाजूला ठेवून कागदासाठी हात पुढे केलेला मला इथूनच दिसला.

"अगं, भाता?" हे म्हणाले.

"भाता राहू दे," मी म्हटलं, आणि पदर खोचून सुताराच्या दाराकडे धावले.