बिनऔषधाचा थेंब

तिने काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखालून काढली, डोळे चोळले आणि पुन्हा सरकवली. तरी तेच. ज्या थेंबात औषध घातलंच नव्हतं, त्यातही जंतू एकामागून एक तांबडे होत होते. थेंबात मिसळलेला तांबडा रंग धडधाकट जंतूत शिरत नाही. आवरणाला भोक पडून जंतू मेला, की मगच शिरतो.

"औषधाची पिपेट बदलायला विसरलीस," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. "मावशीच्या काळजीने तुझं डोकं ठिकाणावर नाही."

खरंच नव्हतं. शिवणकाम करून तिला वाढवणारी मावशी पायाच्या जखमेने इस्पितळात पडली होती. जखमेतले जंतू एकाही औषधाला दाद देत नव्हते. "अंगात काही उरलं नाही, मला घरी ने," असा मावशीने धोशा लावला होता. बेडकाच्या कातडीतल्या पेप्टाइडवरून, म्हणजे एका छोट्या प्रथिनावरून, बनवलेलं हे नवं औषध माणसांना मिळायला अजून वर्षं होती. तरी ते त्या जंतूंवर चालतं का, एवढं तरी तिला बघायचं होतं.

तिने सगळं पहिल्यापासून केलं. औषधाच्या थेंबात जंतू झपाट्याने मेले. दुसऱ्या थेंबात जंतूंबरोबर मावशीच्या जखमेतलं गाळलेलं पाणी तेवढं होतं. तिथेही ते मरत होते, सावकाश, पण मरत होते. पुस्तकात कितीदा तरी वाचलेली गोष्ट, पण तिच्या अंगावर काटा आला.

संध्याकाळी तिने मावशीपुढे मोबाइल धरला, त्यावर त्या दुसऱ्या थेंबाचा व्हिडिओ होता.

"हे काय गं, दिवे लागल्यासारखं?"

"तुझ्या जखमेतले जंतू. मरतायत."

"कुठल्या औषधाने?"

"औषध नाही. तुझं अंगच बारीक बारीक काहीतरी बनवतंय. लोहचुंबकाला तुझ्या टाचण्या चिकटतात ना, तसं ते जंतूला चिकटतं आणि भोकं पाडतं. तुझ्या पेशींच्या वाटेला सहसा जात नाही."

"कोणी शिकवलं त्याला?"

"कोणीच नाही. जंतूच्या आवरणावरचा विद्युतभार त्याला ओढून घेतो."

मावशीने पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं.

"मी झोपलेली असते तेव्हासुद्धा?"

"तेव्हासुद्धा."

"पुरं पडेल का गं ते?"

"एकट्याने नाही पडणार. डॉक्टरांना जखम साफ करत त्याला हात द्यावा लागेल."

सिस्टर पट्टी बदलायला आली. कालपासून कुणाला हात लावू न देणाऱ्या मावशीने आपणहून चादर सारली आणि पाय पुढे केला.

"सावकाश हं बाई," ती म्हणाली, "आत काम चालू आहे."