आपाच्या पेटीतलं कापड

कालिमाआपा गेली. अंगणात नमद्याचा तंबू उभा राहिला, तरी तिची सून अनारकुल कढईपासून हलेना. बोर्सोक तळायला आम्ही शेजारणी होतो की! सुनेनं तंबूत भिंतीकडे तोंड करून आक्रोश करायचा असतो. ही आपली पिठाचे तुकडे तेलात सोडत बसलेली.

"अगं ए, पेटी उघड की!" म्हातारी झुरा ओरडली. "एवढं जगलेल्या बाईचं कापड मिळायचंय. नातवाच्या कुडत्याला तुकडा लावीन म्हणते. त्यालाबी तेवढं आयुष्य लागू दे."

"उघडते हो, काकी. घाई काय हाय?"

"घाई मला न्हाई तर कुणाला? आता माझाच नंबर!"

बायका हसल्या. अनारकुल माझ्या कानाशी लागली.

"पेटीत काय बी न्हाई गं. पोराच्या लग्नात पडद्याला कापड कमी पडलं, ते मी आपाच्या पेटीतलं काढलं. म्हटलं, मागनं भरून ठेवीन... ऱ्हाऊनच गेलं."

आपल्या मयताला वाटायचं कापड म्हातारीनं जन्मभर जमवलं होतं. आणि नवरीला ज्या पडद्याआड बसवतात, त्या पडद्यापुढंच आपानं नातसुनेच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधला होता. तेव्हा तिनं पडद्यावरची लाल फुलं बोटांनी चाचपली होती. "झकास दिसतंय," एवढंच म्हणाली. मी शेजारीच उभी होते.

शेवटी झुरानंच पेटी उघडली. आत फक्त आपाचा एलेचेक होता, धुऊन घडी घातलेला. डोक्याला गुंडाळायचा तो लांबलचक पांढरा फेटा गावात तिच्याच डोक्यावर उरला होता. नातवाच्या लग्नानंतर मात्र ती साध्या रुमालावर आली. मान दुखते म्हणायची, आणि आम्ही खुळ्या तिच्या मानेला मेंढीची चरबी चोळत बसायचो.

"ह्योच डोक्याचा सोडून तिनं मला बर्फाच्या खड्ड्यातनं वर ओढलं," झुरा म्हणाली.

"माझा थोरला घाटात जलमला," दुसरी म्हणाली. "ह्यातच गुंडाळला तिनं त्याला."

नवरा लढाईवरून परतला नाही, तेव्हाही आपानं हाच डोक्याला आवळला आणि कळपामागं चालायला लागली. पोरं वाढवली. कुणापुढं रडली नाही.

"काकी, ऐका जरा," अनारकुल म्हणाली. "मी हिच्या पेटीतलं..."

"तू गप. सेवा केलीस तिची, पयला तुकडा तुझा." झुरानं टर्रकन फेट्याची पट्टी फाडली आणि तिच्या मुठीत कोंबली. "आपाएवढं आयुष्य लागू दे तुला!"

"एवढं नको हो काकी! एवढं नको!"

ती मटकन खाली बसली. असा हंबरडा मी कुठल्याच मयताला ऐकला नव्हता.

"बघा, कशी रडतीय," झुरा डोळे पुसत म्हणाली. "सून असावी तर अशी."

मी नुसती मान हलवली.