चोवीस जागा आणि माझी लाल रेघ

मी एक फूटपट्टी बोलतेय. एका बाजूला सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला इंच, आणि सतराव्या सेंटिमीटरवर एक खाच. तुम्ही मला ओळखत नसाल, पण माझ्यामुळे तुमच्यापैकी कित्येकांची झोप उडालेली आहे, म्हणून आधी ओळख करून दिलेली बरी. विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात मी एकोणीस वर्षं नोकरी केली. प्रवेशाच्या यादीत शेवटच्या नावाखाली जी लाल रेघ असते, जिला तुम्ही कटऑफ म्हणता, ती माझ्या कडेला पेन टेकवून मारलेली असायची.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पिवळसर लाकडाच्या एकाच फळीतून आम्ही चाळीस बहिणी निघालो. एका म्हाताऱ्या कारागिराने आमच्या कडा घासल्या, आकडे उमटवले आणि मग एकेकीला नाकासमोर धरून, एक डोळा मिटून पाहिलं. जी वाकडी, ती बाजूच्या ढिगात. मी सरळ निघाले. त्याचा ताठा मला अजून आहे, खोटं कशाला बोलू?

कार्यालयात माझे पहिले मालक एक कारकून होते. त्यांनी माझा उपयोग मुख्यतः पाठ खाजवण्यासाठी केला. सरळपणाचं एवढं कौतुक ऐकून आलेली मी, आणि नशिबी ही पाठ! दोन वर्षांनी त्यांची बदली झाली आणि त्यांच्या खुर्चीत मोठ्या बाई आल्या. त्यांनी मला साबणाच्या पाण्याने दोनदा धुतलं, पुसलं आणि टेबलाच्या वरच्या खणात ठेवलं. त्या दिवसापासून माझे दिवस पालटले.

राहिली ती खाच. ती टक्केकाकांची कृपा. हे आमचे शिपाई. बिस्किटांच्या डब्याचं झाकण निघेना, तेव्हा त्यांनी मला त्याच्या फटीत घातलं. झाकण निघालं आणि माझा एक तुकडाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक रेघेला सतराव्या सेंटिमीटरवर उचकी लागते, म्हणजे तिथे पेन जरासं आत जाऊन बाहेर येतं. मोठ्या बाई चिडल्या, पण मला टाकून द्यायला काही तयार झाल्या नाहीत.

टक्केकाका हे नाव त्यांना कार्यालयानेच दिलं होतं. तयार झालेली यादी फलकावर लावायचं काम त्यांचं, त्यामुळे अकरा वर्षांत कुठल्या अभ्यासक्रमाची रेघ कितीवर आली, ते त्यांना तोंडपाठ. कुणी विचारायचा अवकाश, काका सुरू. अर्धी गल्ली आपल्या मुलांचे फॉर्म त्यांना विचारून भरायची. "हे तुला झेपणार नाही, गेल्या वर्षी एक्याण्णवला बंद झालं," असं ते इतक्या मायेने सांगायचे की समोरचा आभार मानून स्वप्न बदलून घरी जायचा.

माणसं यादी कशी वाचतात, हे मी फार पाहिलंय. ज्याचे गुण भरपूर, तो वरून वाचतो. बाकी सगळे खालून. नाव रेघेच्या वर सापडलं की माणूस दुसऱ्यांदा वाचतो, आणि खाली सापडलं की नाव आणि रेघ यांच्यात बोट ठेवून अंतर मोजतो, जणू मीच तिथे जास्त जागा घेतली.

एकदा एक आई चौऱ्याण्णव टक्क्यांची लेक घेऊन आली. लेकीला जिथे जायचं होतं तिथली रेघ सत्तरला आली होती. मग वरचे चोवीस टक्के वाया जाणार, असं आईचं म्हणणं. मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "गुण म्हणजे काही शिळी भाजी नव्हे हो, उरली म्हणून फेकायला." आई हसली आणि फॉर्म आहे तसा देऊन गेली.

आता खरी गोष्ट सांगते. आमच्या विद्यापीठात कृत्रिम हातपाय बनवायला शिकवणारा एक अभ्यासक्रम होता. जागा चोवीस. का चोवीस? तर त्याच्या कार्यशाळेत कामाची टेबलं चोवीस. पंचविसावा आला तर त्याने पाय कशावर ठेवून घासायचा? टक्केकाकांच्या मुलीला तिथेच जायचं होतं. तिच्या मामाचा एक पाय कृत्रिम होता आणि तो चालताना करकरायचा. मामा गल्लीच्या टोकाशी आला की घरात चहाचं आधण चढायचं. लहानपणापासून त्या पायाला तेल घालायचं काम हिच्याकडे. तेल घालता घालता तो नीट का बसत नाही, कुठे घासतो, हे तिला कळायला लागलं होतं.

तिला गुण पडले ब्याऐंशी पॉइंट सहा. गेल्या वर्षी रेघ आली होती चौऱ्याऐंशी पॉइंट दोनला. झालं, काकांचं गणित क्षणात सुटलं. त्यांनी लेकीला त्रास नको म्हणून तिचा फॉर्म स्वतःच कार्यालयाच्या संगणकावर भरला. पहिली पसंती कार्यालयीन व्यवस्थापन, जागा एकशेवीस, रेघ एकसष्टला. दुसरी हिशेबतपासणी. पायांच्या अभ्यासक्रमाचं नावच नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी लेक सही करायला आली. मी टेबलावरच होते. तिने कागद वाचला, पुन्हा वाचला आणि पेन माझ्या शेजारी ठेवून दिलं.

"बाबा, ह्यात ते नाहीच."

"अगं, ते मिळणार नाही. पहिलंच दार बंद झालं की दुसऱ्या दारातही मान खाली घालून जावं लागतं. तुझं भलं बघतोय मी."

तिने वाद घातला असता तर काका जिंकले असते, पण ती नुसती त्या कागदाकडे बघत राहिली आणि काकांना काय करावं कळेना. मोठ्या बाईंनी चष्मा काढला. मला उचलून त्यांनी काकांच्या हातात दिलं.

"काका, ह्या पट्टीने रेघ कोण मारतं?"

"तुम्ही."

"कधी?"

"यादी लागली की. म्हणजे... नावं गुणांप्रमाणे लावून चोवीस मोजली की."

"मग यंदाची चोवीस नावं अजून मोजलीत का कुणी?"

अकरा वर्षं ज्या रेघेला त्यांनी कुंपण समजलं होतं, ती नुसती खूण होती. आधी जागा, मग माणसं, आणि जागा जिथे संपतील तिथे रेघ. अर्ज जास्त आले की ती वर जाते, कमी आले की खाली येते. तिला गेल्या वर्षीचं काही आठवत नाही, मला विचारा ना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. माझी रेघ अकरा वर्षं फलकावर लावणाऱ्या माणसालाच माझं काम ठाऊक नव्हतं.

बाईंनी पुढचंही सांगितलं. पहिली पसंती हुकली म्हणून दुसरीकडे गुण कमी होत नाहीत. तिथेही त्याच ब्याऐंशी पॉइंट सहाने उभं राहायचं असतं, आणि मान खाली घालायची तर काहीच गरज नसते. म्हणून जे सगळ्यात हवं ते सगळ्यात वर लिहायचं. काकांनी बराच वेळ मला हातात फिरवलं. मग संगणकापाशी बसले आणि लेकीला म्हणाले, "सांग, काय लिहू पहिलं?"

यादी लावायच्या दिवशी मोठ्या बाईंनी काकांना खोलीबाहेर काढलं. ज्याच्या घरचं मूल यादीत, त्याने यादीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. काका बाहेर बाकावर बसले. बाईंनी नावं दोनदा मोजली आणि मला चोविसाव्या नावाखाली ठेवलं. रेघ आली त्र्याऐंशी पॉइंट एकला. काकांची लेक सव्विसावी.

मला तेव्हा फार वाईट वाटलं. पट्टीला मन नसतं म्हणतात, पण एकदा तरी जरा खाली सरकावं असं मला त्या दिवशी वाटलं. बाईंनी मला घट्ट दाबून धरलं होतं आणि ते योग्यच होतं.

काकांनीच ती यादी फलकावर लावली. चारही टाचण्या नीट बसल्या. मग रेघेच्या खाली बोट ठेवून ते उभे राहिले, अगदी सगळ्यांसारखे. पण या वेळी त्यांना एक गोष्ट दिसली जी आकडे पाठ करताना दिसली नव्हती. रेघ गेल्या वर्षीपेक्षा खाली आली होती. तो चौऱ्याऐंशीचा आकडा ऐकून कितीतरी मुलांनी अर्जच भरला नव्हता. त्यातल्या काहींना तो आकडा कुणी ऐकवला होता, हे काकांना सांगावं लागलं नाही.

लेक मात्र खुशाल होती. दुसरी पसंती हातात होती, पहिलीसाठी नाव प्रतीक्षायादीत ठेवता येत होतं. ती रोज दुपारी बाबांचा डबा घेऊन यायची आणि माझ्याकडे बघून हसायची.

जागा पक्की करायची मुदत संपली तेव्हा दोन जण आलेच नाहीत. एकाला दुसरीकडे जागा मिळाली होती, एकाने विचार बदलला होता. पुन्हा यादी निघाली, पुन्हा काका बाहेर. बाईंनी नावं मोजली, मला ठेवलं आणि पेन फिरवलं. उचकी नेमकी लेकीच्या आडनावाखाली आली.

सही करून बाईंनी काकांना आत बोलावलं. "ही लावून या," एवढंच म्हणाल्या. काकांनी खालून वाचायला सुरुवात केली आणि तिथेच थांबले. नवी रेघ ब्याऐंशी पॉइंट सहाला. त्यांची लेक रेघेवरच बसली होती, अगदी ऐटीत. काकांचा जीव भांड्यात पडला. ते हसले, मग रडले, आणि त्या गडबडीत टाचण्यांचा डबा सांडला. आम्ही सगळ्यांनी अर्धा तास टाचण्या वेचल्या. म्हणजे त्यांनी वेचल्या, मी कपाटाखालच्या ओढून दिल्या.

पुढे मोठ्या बाई निवृत्त झाल्या. आता यादी छापूनच येते, रेघेसकट, आणि तिला उचकी लागत नाही. जाताना बाईंनी मला लेकीच्या हातात दिलं.

म्हणून सध्या मी चोविसाव्या टेबलावर असते, अंगभर प्लास्टरची पांढरी धूळ. गेल्या महिन्यात माझ्याच मापाने मामाचा नवा पाय झाला. जराही करकरत नाही. मामा परवा इथे तक्रार करून गेला, आता घरात पोचेपर्यंत कुणी चहाच ठेवत नाही म्हणून.

टक्केकाका अजून फलकापाशी असतात. कालच लेकीला भेटायला आले होते, तेव्हा दारातच एका मुलाने त्यांना गाठलं आणि विचारलं, "काका, यंदा रेघ कितीला येणार?" मी कान टवकारले. अकरा वर्षांचे आकडे काकांच्या ओठांवर आले असणार, मला त्यांचा चेहरा पाठ आहे.

"मला काय माहीत बाबा," काका म्हणाले. "जागा भरल्या की कळेल. तुला काय हवंय ते आधी वर लिही."

माझंही तुम्हाला एवढंच सांगणं आहे. बरं, येते. लेक हाक मारतेय, कुणाच्यातरी गुडघ्याचं माप घ्यायचंय.